रोग खरा, बिल खोटें

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या निकट परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा गर्दच्या व्यसनांत सांपडला. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला; घर सुशिक्षित, वडील निर्व्यसनी, आई देवभोळी; म्हणजे ज्या घरांत असें कांहीं घडणार नाहीं असें आपण सर्वजण धरून चालतों, अगदीं तसलें घर. बारा दिवस त्याला रुग्णालयांत ठेवावें लागलें. निघतांना बिलाच्या खिडकींतील कारकुनानें वडिलांना बाजूस घेऊन मोठ्या कळवळ्यानें सल्ला दिला, "सर, कागदांवर व्यसनाचा शब्द येऊं देऊं नका. डॉक्टरांना सांगून दुसरें कांहीं तरी नांव घालून घ्या. नाहीं तर क्लेम पास व्हायचा नाहीं." जन्मभर मुलांना खरें बोलण्याचे धडे दिलेल्या त्या गृहस्थांना तें रुचलें नाहीं. जें खरें होतें तेंच त्यांनीं लिहूं दिलें. सहा आठवड्यांनीं विमा कंपनीचें उत्तर आलें, कीं व्यसनावरील उपचार पॉलिसीच्या अटींत वर्ज्य असल्यामुळें मागणी अमान्य करण्यांत येत आहे. त्या पत्रांत पॉलिसीच्या अटींना सोडून एकही अक्षर नव्हतें, आणि आमच्या मतें लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे ती हीच. खोटें लिहिलें असतें तर पैसे मिळाले असते. खरें लिहिलें म्हणून ते बुडाले.

ही हकीकत आम्ही कोणाची कींव यावी म्हणून सांगत नाहीं. 'व्यसन हा एक रोग आहे' हें वाक्य आज शाळेच्या व्यासपीठापासून सरकारी भिंतीपत्रकांपर्यंत सर्वत्र बिनविरोध उच्चारलें जातें. आमच्या महाराष्ट्रांत तर पुण्याच्या मुक्तांगणानें १९८६ सालापासून तें लोकांच्या गळीं उतरविण्याचें फार मोठें काम केलें आहे. परंतु समाजाचें खरें मत त्याच्या भाषणांत शोधूं नये. तें त्याच्या हिशेबाच्या वहींत शोधावें. ज्याला आपण तोंडानें रोग म्हणतों, त्याच्या औषधाचे पैसे द्यावयाची वेळ आली कीं त्यालाच आपण पाप म्हणूं लागतों. जोंपर्यंत बिलावर या रोगाचें नांव उजळ माथ्यानें लिहितां येत नाहीं, तोंपर्यंत त्याला रोग म्हणणें ही केवळ वाचेची उदारता होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम रोगाचें व औषधाचें स्वरूप पाहूं. हेरॉइन, अफू किंवा त्याच जातीच्या वेदनाशामक गोळ्या मेंदूंतील ठराविक ठिकाणीं जाऊन बसतात. कांहीं काळानें शरीर या बाहेरून येणाऱ्या द्रव्याच्या भरंवशावर आपला सारा कारभार बेतूं लागतें. मग तें द्रव्य न मिळालें तर वांत्या, जुलाब, हाडें मोडल्यासारखी अंगदुखी आणि निद्रानाश यांनीं माणूस हैराण होतो. रुग्णालयांत दहाबारा दिवस ठेवून हा त्रास ओसरविला म्हणजे रोग बरा झाला, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे, इतकेंच नव्हे तर घातक आहे. या दहाबारा दिवसांत शरीराची पूर्वींची सहनशक्ति उतरलेली असते, परंतु मेंदूंतील ओढ तशीच असते. घरीं परतलेल्या मुलानें जुन्या मात्रेनें एकदां जरी घेतलें, तरी श्वास बंद पडून मृत्यु ओढवूं शकतो. नुसतें रिकामें करून घरीं पाठविणें हा उपचार नव्हे. ती उपचाराची प्रस्तावना आहे, आणि ग्रंथ न लिहितां प्रस्तावनेवरच थांबणाऱ्याच्या हातून कधीं कधीं माणूस जातो.

खरा उपचार दीर्घ मुदतीच्या औषधाचा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या वैद्यांनीं १९६४ सालीं मेथाडोन हें औषध नियमित मात्रेंत देऊन असें दाखविलें, कीं ज्यांचा दिवस पुढची पुडी मिळविण्यांतच जात होता, तीं माणसें कामाला आणि शाळेला जाऊं लागलीं. पुढें ब्युप्रेनॉर्फिन आलें. तें मेंदूंतील त्याच ठिकाणीं जाऊन बसतें, पण त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीं. ओढ शमते, धुंदी येत नाहीं, आणि श्वास बंद पडण्याचा धोकाही पुष्कळ कमी असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं हीं दोन्ही औषधें अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलीं. २०१७ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें अनेक देशांतील अभ्यासांचें एक संकलन प्रसिद्ध झालें. त्यांत मेथाडोन चालू असतांना दरसाल दर हजारीं सुमारें ११ मृत्यु, आणि तें सुटल्यावर सुमारें ३६, असें प्रमाण आढळलें. दुसऱ्या कोणत्याही रोगावर मृत्यु एकतृतीयांशावर आणणारें औषध सांपडतें, तर आपण त्याच्या शोधकांचे पुतळे उभारले असते. या औषधाला मात्र आपण दाराबाहेर उभें केलें.

हें दाराबाहेर उभें करणें कसें चालतें, तें अमेरिकेच्या उदाहरणावरून जितकें स्वच्छ दिसतें तितकें दुसऱ्या कोठेंही दिसत नाहीं. तेथें १९१४ सालीं हॅरिसन कायदा झाला, आणि १९१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं व्यसनी माणसाचें व्यसन चालूं ठेवण्यासाठीं डॉक्टरनें औषध लिहून देणें हा वैद्यकीचा व्यवसायच नव्हे. म्हणजे रोग्याला हात लावणें हाच वैद्याचा गुन्हा ठरला. मेथाडोनला पुढें परवानगी मिळाली, परंतु तें इतर औषधांप्रमाणें शेजारच्या दुकानांतून नव्हे. त्यासाठीं वेगळीं केंद्रें, वेगळे परवाने आणि रोजची हजेरी. २००० सालच्या कायद्यानें साध्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यांतून ब्युप्रेनॉर्फिन देण्याची मुभा मिळाली. तीही आठ तासांचें शिक्षण, खास परवाना आणि आरंभीं केवळ तीस रोग्यांची मर्यादा घालून. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ज्या गोळ्यांनीं व्यसन लागतें त्या गोळ्या तोच डॉक्टर वाटेल तितक्या रोग्यांना लिहून देऊं शकत होता. ज्या गोळीनें व्यसन आटोक्यांत येतें ती एकतिसाव्या रोग्याला देणें मात्र बेकायदेशीर होतें. हा खास परवाना रद्द व्हावयास २०२२ सालचा डिसेंबर उजाडला. त्या सुमारास, म्हणजे २०२१, २०२२ आणि २०२३ या तीन वर्षांत, त्या देशांत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेनें दरवर्षीं एक लाखाहून अधिक माणसें मेलीं.

कायद्याचें दार उघडलें. आतां तरी रोगी आंत आले असतील, असें वाटेल. तसें झालें नाहीं. औषध लिहून देणारे डॉक्टर वाढले, पण तें घेणारे रोगी त्या मानानें वाढले नाहींत. याला कारणें अनेक आहेत. परंतु एक मोठें कारण असें, कीं कायद्याच्या दाराच्या आंत दुसरें एक दार होतें, आणि तें बिलाच्या खिडकीचें होतें.

गरीब वस्त्यांतून चालणाऱ्या तेथील सामुदायिक आरोग्यकेंद्रांत असा रोगी आला म्हणजे काय काम पडतें तें पाहा. पहिल्या आठवड्यांत औषधाची मात्रा बसवावी लागते. परिचारिकेला दिवसाआड फोन करावा लागतो. लघवी तपासावी लागते. समुपदेशकाला घरच्यांशीं बोलावें लागतें. आणि ठरल्या दिवशीं न आलेल्या रोग्याचा शोध घ्यावा लागतो. या सर्वांत डॉक्टरचा वेळ सर्वांत थोडा. परंतु पैसे देण्याची पद्धति जुन्या काळची : डॉक्टरासमोर बसून झालेली एक भेट, आणि तिचे ठराविक पैसे. परिचारिकेच्या दहा फोनांचे कांहीं नाहीं. गरिबांच्या मेडिकेड योजनेंत कांहीं राज्यांचे नियम तर असे, कीं एकाच दिवशीं शरीराच्या डॉक्टरची आणि मनाच्या समुपदेशकाची अशा दोन भेटी झाल्या, तर पैसे एकीचेच. रोग्यानें मजुरी बुडवून दुसऱ्या दिवशीं पुन्हां यावें, नाहीं तर केंद्रानें नुकसान सोसावें! आणि यावर कळस म्हणजे विमा कंपन्यांची पूर्वमंजुरी. ज्याला आज सकाळीं औषध हवें आहे, त्याचा कागद कंपनीकडे जाणार आणि मंजुरी कांहीं दिवसांनीं येणार. गर्द विकणारा मात्र पूर्वमंजुरी मागत नाहीं. तो कोपऱ्यावर तयारच असतो.

परिणाम काय होतो? जीं केंद्रें गरिबांसाठीं आहेत त्यांना हें काम आंतबट्ट्याचें वाटूं लागतें. आणि ज्यांना नफा पाहिजे असे कांहीं डॉक्टर विम्याची भानगडच नको म्हणून रोख पैसे घेऊन चिठ्ठी देतात. ज्याच्या खिशांत पैसे आहेत तो जगतो. पासष्ट वर्षांवरील नागरिकांची जी मेडिकेअर योजना, ती तर २०२० च्या जानेवारीपर्यंत मेथाडोन-केंद्रांतील उपचाराला एक पैसाही देत नव्हती. मग कायदा बदलला, आणि औषध, समुपदेशन व तपासणी मिळून आठवड्याची एक ठोक रक्कम देण्याची पद्धति सुरू झाली. ही पद्धति आम्हांला शहाणपणाची वाटते, कारण तींत भेटी मोजल्या जात नाहींत. रोग्याचा आठवडा मोजला जातो. मॅसॅच्युसेट्स राज्यानें २००७ पासून सामुदायिक केंद्रांत परिचारिकांच्या हातीं या उपचाराचीं सूत्रें दिलीं, आणि परिचारिकेच्या कामाचेही पैसे केंद्राला मिळतील अशी तजवीज केली. तेथें हें काम टिकलें व वाढलें. फ्रान्सनें तर १९९५-९६ पासूनच साध्या कौटुंबिक डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मोकळीक दिली आणि खर्च सार्वजनिक विम्यावर घातला. पुढच्या चार वर्षांत तेथील अतिमात्रेचे मृत्यु सुमारें चारपंचमांशांनीं घटले. औषध तेंच, मेंदू तोच, माणसेंही तशींच. फरक होता तो दार कोणी उघडलें आणि पैसे कोणी दिले एवढाच.

आतां आपल्या घराकडे वळूं. कारण दुसऱ्याच्या घरचा केर दाखवून आपलें अंगण स्वच्छ होत नाहीं. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें अफूजन्य द्रव्यांच्या वापरामुळें मदतीची गरज असलेले लोक सुमारें ७७ लाख, आणि दारूमुळें तशी गरज असलेले सुमारें ५ कोटी ७० लाख. त्याच पाहणीनें सांगितलें, कीं दारूच्या आहारीं पूर्ण गेलेल्या अडतीस जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला. दारूवरही नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखीं औषधें आहेत. पण आपल्या तालुक्याच्या गांवीं किती कुटुंबांनीं त्यांचें नांव ऐकलें असेल?

सरकार कांहींच करीत नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना २००७-०८ पासून ब्युप्रेनॉर्फिन विनामूल्य देते, आणि २०१२ पासून मेथाडोनही आलें. परंतु तो कार्यक्रम एड्सच्या प्रतिबंधासाठीं आहे. म्हणून तो सुईनें टोंचून घेणाऱ्यांसाठींच आहे. आमच्या त्या शिक्षकांचा मुलगा गर्द ओढीत होता, टोंचून घेत नव्हता; म्हणजे त्या दारांत त्याला जागा नाहीं. याचा अर्थ कटु आहे : रोग्याचा रोग आम्ही त्याच्यासाठीं बरा करीत नाहीं, तो इतरांना लागूं नये म्हणून करतों. कांहीं सरकारी रुग्णालयांतून आतां सर्वांसाठीं मोफत औषधोपचार मिळतो. पण अशीं ठिकाणें गरजेच्या मानानें थोडीं, आणि बहुतेकांस अज्ञात. पंजाबनें २०१७ च्या ऑक्टोबरांत बाह्यरुग्ण पद्धतीचीं केंद्रें उघडून या बाबतींत सर्व प्रांतांना धडा घालून दिला. सरकारी केंद्रांत औषध फुकट. खाजगींत मात्र पदरचे पैसे. आरंभीं रोज रांगेंत उभें राहून कर्मचाऱ्यासमोर गोळी घ्यावी लागे. ज्याला शेतावर किंवा कारखान्यांत जावयाचें आहे त्यानें काम राखावें, कीं औषध?

आणि विमा? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें मानसिक आजाराच्या व्याख्येंत दारू व मादक द्रव्यें यांमुळें होणाऱ्या विकारांचा समावेश केला, आणि विमा कंपन्यांनीं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच बरोबरीनें संरक्षण द्यावें असें बजावलें. इतका स्वच्छ कायदा क्वचित् होतो. दोनच वर्षांनीं, २०१९ सालीं, विमा नियामक प्राधिकरणानें आरोग्यविम्यांतील वर्ज्य बाबींची भाषा सर्वांसाठीं एक केली. त्यांत मानसिक आजार वगळण्यास कंपन्यांना मनाई केली, हें योग्यच झालें. परंतु त्याच हातानें मद्यपान, मादक द्रव्यें किंवा कोणतेंही व्यसन यांवरील उपचार व त्यांचे परिणाम वगळण्याचें एक तयार कलमही कंपन्यांच्या स्वाधीन केलें. पुष्कळ पॉलिसींत तें आजही वाचावयास मिळतें. संसद म्हणते हा आजार आहे. पॉलिसी म्हणते आजार खरा, पण पैशांपुरता नव्हे. शिवाय आपला विमा मुख्यतः खाटेला पैसे देतो, गोळीला नाहीं. गरिबांसाठींच्या आयुष्मान भारत योजनेची धांवही भरती होण्यापुरतीच. जो रोग खाटेवर बारा दिवस आणि गोळीवर कित्येक महिने, प्रसंगीं वर्षानुवर्षे, सांभाळावा लागतो, त्याच्या दृष्टीनें हा विमा म्हणजे पायथ्याशीं उभी केलेली अर्धी शिडी.

येथें आमचे प्रतिपक्षी तीन आक्षेप घेतात. पहिला असा, कीं हें एका व्यसनाच्या जागीं दुसरें व्यसन बसविणें आहे. मधुमेही माणूस जन्मभर इन्सुलिन घेतो, त्याला आपण इन्सुलिनचा व्यसनी म्हणत नाहीं. व्यसन म्हणजे शरीराला एखाद्या द्रव्याची सवय असणें नव्हे. त्या द्रव्यापायीं घर, काम आणि इमान सुटणें म्हणजे व्यसन. जी गोळी घेऊन मुलगा पुन्हां कॉलेजांत जातो, आईच्या डब्यांतले पैसे जागच्या जागीं राहतात, तिला व्यसन म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

दुसरा आक्षेप मनांतला आहे, म्हणून तो अधिक जोराचा : ज्यानें आपल्या हातानें ओढवून घेतलें, त्याचा भार इतरांनीं कां सोसावा? आमचा उलट प्रश्न असा, कीं चाळीस वर्षें तूप-साखर न सोडलेल्या आणि चार पावलें न चाललेल्या गृहस्थाच्या हृदयविकाराचा भार विमा कंपनी कशी सोसते? तेथें कोणी त्याच्या ताटाची चौकशी करीत नाहीं, आणि करूंही नये. वैद्यकी हें न्यायासन नव्हे. ज्या दिवशीं रोग्याची लायकी पाहून औषध द्यावयाचें ठरेल, त्या दिवशीं आपल्यांतले किती जण लायक ठरतील?

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे : या गोळ्या बाहेर विकल्या जातील. जातात, पंजाबचा अनुभव हें नाकारूं देत नाहीं. परंतु अनेक पाहण्यांत असें दिसलें आहे, कीं बाहेरून ब्युप्रेनॉर्फिन घेणारे बहुतेकजण तें धुंदीसाठीं घेत नाहींत, तर अंगाची तडफड थांबविण्यासाठीं. म्हणजे ज्यांना दारांत घेतलें नाहीं तेच खिडकींतून औषध घेतात. त्यावर उपाय दार अधिक घट्ट लावणें हा नव्हे. २०२० च्या महासाथींत अमेरिकेनें स्थिर झालेल्या रोग्यांना अठ्ठावीस दिवसांपर्यंत मेथाडोन घरीं नेऊं दिलें. पंजाबलाही घरीं द्यावयाच्या गोळ्यांची मुदत वाढवावी लागली. आकाश कोसळलें नाहीं. अमेरिकेनें तर २०२४ सालीं ती सवलत कायमची केली. साथीनें जो विश्वास नाइलाजानें टाकावयास लावला, तो आपण समजून उमजून टाकूं नये काय?

आमचें मागणें थोडें आहे. विम्याच्या वर्ज्य बाबींतून व्यसनाचें कलम काढून टाकावें, म्हणजे २०१७ चा कायदा कागदावरून बिलावर येईल. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत या औषधांची सोय असावी, सुईच्या किंवा खाटेच्या अटीशिवाय. आणि खाजगी असो कीं सरकारी, केंद्राला देणें द्यावयाचें तें भेटींचें नव्हे, रोगी सांभाळल्याचें द्यावें. त्यांत परिचारिकेच्या फोनाला आणि समुपदेशकाच्या तासाला मोल असावें. यासाठीं नवें संशोधन नको, नवें औषध नको. आहे तें औषध दुसऱ्या औषधांच्या पंक्तीला बसविण्याची बुद्धि तेवढी हवी.

तो मुलगा आज औषधावर आहे. वडील दरमहा निवृत्तिवेतनांतून गोळ्यांचे आणि डॉक्टरच्या भेटींचे पैसे भरतात, आणि प्रत्येक पावती जपून ठेवतात. त्या पावत्यांवर रोगाचें नांव खरें लिहिलेलें आहे. एखादे दिवशीं कोणी त्या पाहील या आशेनें ते तसें करीत नाहींत. तें त्यांना खोटें लिहितां येत नाहीं म्हणून करतात. अशा माणसाला खरें बोलण्याचा दंड भरावयास लावणाऱ्या व्यवस्थेचे आपण सर्वजण हप्ते भरीत आहोंत, हें आमच्या सुज्ञ वाचकांनीं पुढच्या वेळीं पॉलिसी नवी करतांना तिचें वर्ज्य बाबींचें पान उघडून पाहावें, एवढीच विनंति.